मुलाची वेगळीच भीती, खाण्याची नावड आणि होमिओपॅथीचं औषध: निवड कशी होते आणि त्याआधी काय पाहायचं

‘दूध-बिस्किटावर जगतो, वरण-भाताला तोंड लावत नाही. अंधार पडला की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एकटा जात नाही, मिक्सर लावला की कान झाकून रडतो. होमिओपॅथीत काही असेल तर सांगा.’ लहान मुलांच्या आया एकत्र आल्या की हा प्रश्न निघतोच. गोळ्या गोड असतात, मूल आनंदाने खातं आणि ‘अपाय तर काही होणार नाही’ असा विश्वास असतो. म्हणून पुष्कळ घरांत बालरोगतज्ज्ञाच्याही आधी होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे जाणं होतं.

माझं मत आधीच स्पष्ट सांगते. होमिओपॅथीचं औषध निवडताना मुलाचं जितक्या बारकाईने निरीक्षण करावं लागतं, ते निरीक्षण फार मोलाचं आहे. गोळीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. त्या निरीक्षणाचा पहिला उपयोग कारण शोधायला करायचा, औषध शोधायला नंतर. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत, आणि हा क्रम बदलू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पायरी 1: दोन आठवडे वही ठेवा

कुठल्याही डॉक्टरांकडे जा, ‘काहीच खात नाही’ आणि ‘खूप घाबरतो’ या दोन वाक्यांवरून कुणालाच काही कळत नाही. साधी वही घ्या. खाण्याच्या पानावर वेळ, काय दिलं, किती खाल्लं, कुठे बसून, समोर मोबाइल होता का, आणि नाकारलं तर नेमकं काय नाकारलं ते लिहा. या शेवटच्या मुद्द्यावरच खरी माहिती मिळते. ‘भाजी खात नाही’ असं न लिहिता ‘बटाट्याच्या काचऱ्या खातो, रस्स्यातला बटाटा थुंकतो’ असं लिहा. ‘पोळी कोरडी खातो, तूप लागलेली बाजूला सारतो’, ‘दहीभात खातो, पण भातात फोडणीची मोहरी दिसली की ताट लोटतो’ अशी चार वाक्यं जमली की चव नकोय, रंग नकोय, की तोंडात लागणारा पोत नकोय, हे हळूहळू उघडं पडतं. गिळताना ठसकतो का, घास गालात धरून ठेवतो का, पोट रोज साफ होतं का, हेही लिहा. दिवसभरात किती दूध पोटात जातं ते अंदाजाने लिहू नका, मोजून लिहा.

भीतीच्या पानावर कशाची भीती, कधीपासून, आधी काय घडलं होतं, मूल त्या वेळी नेमकं काय करतं, किती वेळात शांत होतं आणि कशाने शांत होतं, इतकं हवं. रात्री दचकून उठत असेल तर झोपल्यानंतर किती वेळाने, डोळे उघडे असूनही तुम्हाला ओळखत नाही का, आणि सकाळी त्याला काही आठवतं का, हेही हवं. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठणं, कुणालाच न ओळखणं आणि सकाळी काहीच न आठवणं याला नाइट टेरर म्हणतात. आईबाप घाबरून जातात, पण बहुतेक मुलांत वय वाढलं की तो आपोआप थांबतो. अशा वेळी मुलाला गदागदा हलवून जागं करू नका, पडणार-लागणार नाही एवढं पाहा. पहाटेकडे पडणारी वाईट स्वप्नं वेगळी असतात. ती मुलाला आठवतात, आणि जवळ घेतलं की मूल शांत होतं.

पायरी 2: वयाला धरून काय चालतं ते ओळखा

आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला पाहून रडतं, ते शहाणपणाचं लक्षण आहे. दोन ते सहा या वयात अंधार, भूत, राक्षस, मोठे आवाज, कुत्री यांची भीती बहुतेक मुलांत येते आणि जाते. याच वयात नवीन पदार्थ नाकारणंही जोरात असतं. पहिल्या वाढदिवसानंतर वाढीचा वेग मंदावतो आणि भूकही कमी होते. वर्षाच्या आत गपागप जेवणारं मूल दीड वर्षाचं झालं की ‘जेवतच नाही’ असं वाटू लागतं, त्याचं हे मुख्य कारण. मूल खेळतं आहे, वजन-उंची वाढीच्या तक्त्यावर आपल्या रेषेने चालली आहे, आणि अन्नाच्या सगळ्या गटांतलं थोडं थोडं पोटात जातं आहे, तर औषधाची गरजच नसते.

पायरी 3: आधी बालरोगतज्ज्ञ

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

माती, खडू, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ खाणाऱ्या मुलात लोहाची कमतरता आधी तपासायची असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं या वयोगटातली देशातली सुमारे 67 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. लोह कमी पडलं की भूक मंदावते, मूल किरकिरं होतं, लक्ष लागत नाही. दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्या मुलात हे पुष्कळदा दिसतं. दुधात लोह अगदी कमी, पोट मात्र भरलेलं, म्हणून जेवण नको. मग ‘निदान दूध तरी प्यावं’ म्हणून आणखी दूध दिलं जातं, आणि चक्र सुरूच राहतं. बद्धकोष्ठता, किडलेली दाढ, वाढलेले टॉन्सिल, जंत, छातीत जळजळ ही कारणंही साधीच आहेत आणि तपासणीत सापडतात.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबू नका:

- वजन घटतंय किंवा कित्येक महिने वाढलेलंच नाही, घास अडकतो, वारंवार उलटी होते.
- आधी खात असलेले पदार्थ एकेक करून गळत चाललेत आणि मोजकेच दहा-पंधरा उरलेत. खाण्याच्या अशा टोकाच्या मर्यादेला आता वैद्यकशास्त्रात आरफिड हे स्वतंत्र नाव आहे, आणि त्यावर रीतसर उपचार होतात.
- बोलणं उशिरा आलंय किंवा आलेलं मागे पडलंय, नावाने हाक मारली तर बघत नाही, आवाज-स्पर्श-पोत यांचा असह्य त्रास होतो. इथे स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दिशेने तपासणी हवी, आणि ती जितकी लवकर तितकी चांगली.
- चांगलं खेळतं-खातं मूल दोन-चार दिवसांत एकदम बदललं, खाणं सोडलं, विचित्र भीती किंवा त्याच त्या कृती सुरू झाल्या.
- भीतीमुळे चार आठवड्यांहून जास्त काळ शाळा, झोप किंवा घराबाहेर पडणं बंद झालंय.

आणखी दोन गोष्टी आहेत. घरातल्या-ओळखीतल्या एखाद्या विशिष्ट माणसाची, शिकवणीच्या जागेची, रिक्षाची, आंघोळीची किंवा कपडे बदलण्याची भीती एकाएकी सुरू झाली तर लैंगिक अत्याचाराची शक्यता मनात धरा. मुलाला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू नका, जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा, आणि 1098 या बाल मदतवाहिनीशी बोला. दुसरी गोष्ट कुत्रं, मांजर किंवा माकड चावल्याची. जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. चावा झालेलं मूल पुढे कधी पाणी प्यायला बिचकू लागलं तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं. होमिओपॅथीच्या पुस्तकांत ‘पाण्याची भीती’ या लक्षणाखाली औषधांची नावं आहेत, पण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर मूल वाचणं जवळजवळ अशक्य असतं. लसीला पर्याय नाही, म्हणजे नाहीच.

पायरी 4: होमिओपॅथीत औषध कसं निवडतात

जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांनी ही पद्धत मांडली. त्यांचा मूळ ग्रंथ 1810 चा. निरोगी माणसात एखादा पदार्थ जी लक्षणं निर्माण करतो, तीच लक्षणं असलेल्या रोग्याला तो पदार्थ अतिसूक्ष्म प्रमाणात द्यायचा, हा त्यांचा गाभ्याचा विचार. अमेरिकन होमिओपॅथ जेम्स टायलर केंट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लक्षणांची जी मोठी सूची केली, तिला रेपर्टरी म्हणतात. तिचं पहिलंच प्रकरण मनाचं आहे, आणि त्यात भीतीच्या नोंदी खूप आहेत: अंधाराची, एकटेपणाची, ढगांच्या गडगडाटाची, अनोळखी माणसांची. खाण्याच्या आवडी-नावडी पोटाच्या प्रकरणात येतात. प्रत्येक नोंदीपुढे औषधांची नावं तीन प्रकारच्या अक्षरांत छापलेली असतात. ठळक अक्षरांतली वजनदार, साधी अक्षरं हलकी.

सर्दी-खोकला किंवा ‘भूक नाही’ ही सर्वांनाच असणारी लक्षणं इथे कमी महत्त्वाची धरतात. उलट जे वेगळं, विचित्र, फक्त याच मुलात दिसतं, त्याला सर्वांत जास्त मान. त्यामुळेच भीती आणि खाण्याची नावड या दोन गोष्टी होमिओपॅथला फार महत्त्वाच्या वाटतात. पुस्तकांत रंगवलेली काही व्यक्तिचित्रं अशी:

कल्केरिया कार्ब: गोंडस, थुलथुलीत मूल, झोपेत डोक्याला घाम येऊन उशी ओली, चालणं-दात उशिरा, अंड्याची आवड, खडू-माती खाण्याची ओढ, दूध पचत नाही, रात्रीची भीती. फॉस्फरस: लाघवी, चटकन मैत्री करणारं, पण अंधार, एकटेपणा आणि वीज-गडगडाटाला घाबरणारं, थंड पाणी आणि आइस्क्रीम मागणारं. पल्सेटिला: पटकन रडणारं, आईला चिकटलेलं, तूपकट-तळकट नको म्हणणारं, तहान अगदी कमी. स्ट्रॅमोनियम: रात्री किंचाळून उठणारं, दिवा लावूनच झोपणारं. बोरॅक्स: हातातून खाली पाळण्यात ठेवताना दचकून चिकटणारं, बारीक आवाजानेही दचकणारं. बरायटा कार्ब: पाहुणे आले की आईच्या मागे लपणारं. सिलिशिया: टोकदार वस्तूंची भीती, गरम जेवण नको. लायकोपोडियम: भूक भूक म्हणत बसणारं आणि चार घासांत पोट भरलं म्हणणारं.

आता उदाहरणादाखल साडेचार वर्षांचा एक मुलगा धरू. मिक्सर, कुकरची शिट्टी आणि मिरवणुकीतला ढोल यांना तो भयंकर घाबरतो, दिवा लावूनच झोपतो, भिंतीचा पोपडा खरवडून खातो, रात्री डोक्याला घाम येतो, आणि दूध, दहीभात, बिस्किटं याशिवाय काही नको असतं. होमिओपॅथ यातून आवाजाची भीती, अंधाराची भीती, न खाण्याजोग्या वस्तूंची ओढ, डोक्याचा घाम अशा नोंदी काढतील, त्यांपुढची नावं ताडून पाहतील, आणि बहुधा कल्केरिया कार्ब पुढे येईल. मग ते कुठल्या शक्तीचं (म्हणजे किती वेळा पातळ केलेलं; जितकं जास्त पातळ तितकी शक्ती जास्त मानतात) आणि दिवसात किती वेळा द्यायचं, हे ठरवतील.

हीच वही बालरोगतज्ज्ञाने वाचली तर? पोपडा खातो, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासू. दूध किती? दिवसाला चार मोठे कप, म्हणजे आधी दूध कमी करू. आवाजाचा त्रास आणि फक्त मऊ-पांढरं खाणं एकत्र आहे, म्हणजे संवेदनांची तीव्रता असू शकते. मग विकासाची चाचणी आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला. झोपेतला डोक्याचा घाम पुष्कळ निरोगी मुलांनाही येतो. निरीक्षण तेच आहे, पण दुसऱ्या वाचनात प्रत्येक ओळीतून एक तपासता येणारं कारण निघतं. मला हाच फरक निर्णायक वाटतो.

पायरी 5: गोळीत काय असतं

30 सी म्हणजे शंभरात एक भाग असं पातळ करणं तीस वेळा. एकूण प्रमाण 1 वर 60 शून्यं. बाराव्या वेळेनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता फार कमी होते. त्यापुढे साखरेची किंवा दुग्धशर्करेची गोळी आणि अल्कोहोलचा अंश, एवढंच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध पुरावा तपासला आणि होमिओपॅथी प्रभावी ठरते असा विश्वासार्ह पुरावा कुठल्याही आजारासाठी मिळाला नाही, असा निष्कर्ष काढला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2017 मध्ये डॉक्टरांना ती लिहून न देण्याची शिफारस केली.

मग ‘आमच्या मुलीला फरक पडला’ त्याचं काय? फरक खरा असतो. भीती वयानुसार ओसरते, खाणं सुधारतं, आणि आपण औषध बहुतेक वेळा त्रास सर्वांत जास्त असताना सुरू करतो, म्हणजे पुढे उतार येणारच असतो. शिवाय तासभर कुणीतरी मुलाबद्दल मनापासून ऐकून घेतलं की आईचा जीव निवांत होतो, आणि ताटासमोरची ओढाताण थांबते. या निवांतपणाला मी कमी लेखत नाही.

एक हिशोब मात्र प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. रक्त वाढायला म्हणून बाराक्षारातलं (बारा क्षारांच्या गोळ्यांच्या संचातलं) फेरम फॉस, म्हणजे लोहाचा क्षार, 6 एक्स शक्तीत घरोघरी देतात. 6 एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग. लोहाची कमतरता असलेल्या 12 किलोच्या मुलाला डॉक्टर साधारणपणे दर किलोमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 36 मिलिग्रॅम लोह देतात. तेवढ्यासाठी 6 एक्सच्या निदान 36 किलो गोळ्या लागतील, त्याही रोज. लोह कमी असेल तर लोहाचं औषधच द्यावं लागतं.

पायरी 6: तरीही होमिओपॅथी घ्यायची ठरवलीत तर

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो किंवा तुमचा स्वतःचा विश्वास असतो. तो निर्णय तुमचा. पण काही अटी घालून घ्या.

डॉक्टर बीएचएमएस (होमिओपॅथीची पदवी) झालेले आणि महाराष्ट्रात नोंदणीकृत आहेत का ते पाहा. दुकानातून किंवा मोबाइलवर वाचून स्वतः औषध निवडू नका. बालरोगतज्ज्ञाचे कागद त्यांना दाखवा. चालू औषधं, लसीकरण किंवा तपासण्या बंद करायला सांगत असतील तर तिथून उठा. बाटलीवर औषधाचं नाव आणि शक्ती लिहून मागा. नुसत्या आकड्याच्या पुड्या घेऊ नका, कारण मुलाला कधी ॲलर्जी आली किंवा अपघात झाला तर पुढच्या डॉक्टरला ते नाव लागतं. मूळ अर्क किंवा 3 एक्स-6 एक्ससारख्या कमी शक्तीचं बेलाडोना, स्ट्रॅमोनियम, आर्सेनिकम मुलाला देऊ नका. या विषारी वस्तू आहेत, आणि कमी शक्तीत त्यांचा अंश खरोखर असतो. बेलाडोना असलेल्या होमिओपॅथिक दात येण्याच्या गोळ्यांत त्याचं प्रमाण एकसारखं नसल्याचं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये दाखवून दिलं होतं. द्रव औषधात अल्कोहोल असतं, म्हणून ते थेट जिभेवर टाकू नका.

पथ्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळदा कांदा, लसूण, हिंग, आंबट बंद करायला सांगतात. ज्या मुलाचे मुळात दहाच पदार्थ उरलेत, त्याचे आणखी दोन काढून घेणं हे नुकसानच आहे. असं पथ्य स्वीकारू नका. ‘औषधाने आधी त्रास वाढतो, मग कमी होतो’ हे वाक्य ऐकून वाट पाहत बसू नका. मुलाचा त्रास वाढला तर तो वाढलाय असंच समजून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सुरू करतानाच वहीत सहा ते आठ आठवड्यांनंतरची एक तारीख लिहा. त्या दिवशी वजन, खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी आणि भीतीच्या नोंदी आधीशी ताडून पाहा. फरक नसेल तर थांबा.

पायरी 7: घरात रोज काय करायचं

खरा बदल इथून येतो, गोळी घ्या वा न घ्या.

खाण्याचं आधी. दूध दिवसाला साधारण 400-500 मिलिलिटरवर आणा. तीन जेवणं, दोन मधली खाणी, आणि मधल्या वेळी फक्त पाणी. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ताटात त्याचा एक ओळखीचा पदार्थ कायम असू द्या, आणि शेजारी नवीन पदार्थ हरभऱ्याएवढा. ‘एक घास माझा, एक बाबांचा’ असं कोंबणं, मोबाइल लावून भरवणं, गोड पदार्थाचं आमिष, सगळं बंद. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. हुंगला, बोट लावलं, चाटून ठेवून दिला, तरी ती प्रगतीच. अर्ध्या तासात ताट उचला, ओरडा न करता.

आवडीच्या पदार्थापासून एकेक पाऊल पुढे जा. दहीभात खातो, तर त्यात किसलेली काकडी. मग ताकभात, मग सौम्य कढी-भात, मग पातळ मुगाचं वरण. कुरकुरीत बिस्किटच हवं, तर खाकरा, मग कडक भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा, मग थालीपीठाची खरपूस कड. एका वेळी एकच गोष्ट बदला. चव बदलली तर पोत तोच ठेवा, पोत बदलला तर चव तीच. मटार सोलायला, मेथी निवडायला, कणकेचा गोळा थापायला त्याला जवळ बसवा. ज्या भाजीला हात लागला, ती तोंडात जाण्याची शक्यता वाढते.

भीतीसाठीही हीच रीत, लहान लहान पावलं. मिक्सरची भीती असेल तर प्लग काढलेला मिक्सर खेळायला द्या. मग भांड्यात पोहे टाकून झाकण लावायला सांगा. मग तो आजीबरोबर दुसऱ्या खोलीत असताना दोन सेकंद चालवा, आधी सांगून. मग दारात उभं राहून. शेवटी बटण त्यानेच दाबायचं. एका पावलावर तो कंटाळेपर्यंत थांबा, मगच पुढचं. गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके सहन होत नसतील तर कानावर इअरमफ घाला आणि लांब उभे राहा. ‘मुलगा असून घाबरतो’ हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका. ‘जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल, पोलीस धरून नेईल, डॉक्टर इंजेक्शन देईल’ हेही आजपासून बंद करा. ज्या भीतीवर आपण औषध शोधतो, तिला खतपाणी घालणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

मदत कुठे मिळते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमधल्या मुलांची मोफत तपासणी होते. वाढ किंवा विकासाची शंका आली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. ते बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असतं, आणि तिथे वाचा-उपचार, मानसोपचार, आहाराचा सल्ला एकाच ठिकाणी मिळू शकतो. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारलं तर तपासणीचा दिवस कळतो. मुलाच्या भीतीबद्दल किंवा तुमच्या स्वतःच्या थकव्याबद्दल फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. फोन करताना किंवा केंद्रात जाताना ती दोन आठवड्यांची वही आणि वजनाच्या जुन्या नोंदी हाताशी ठेवा.